होम स्टुडिओत इलेक्ट्रिक गिटारचा टोन: खोलीत भरदार, रेकॉर्डिंगमध्ये चिरका, असं का होतं?

कोमल_धैवत

इथे ऐकायला टाकलेल्या ट्रॅकखाली एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. अ‍ॅम्पसमोर बसून वाजवलं की भरदार वाटतं, तेच रेकॉर्ड करून ऐकलं की चिरकं आणि पातळ. मग पुढचा प्रश्न ठरलेला: कोणतं पेडल घेऊ, कोणतं प्लगइन (संगणकातलं आवाजाचं सॉफ्टवेअर) घेऊ? मी पुण्यात राहत्या घरातल्या एका खोलीत इतरांसाठी गिटार रेकॉर्ड करते, आणि माझं मत ठाम आहे. घरच्या रेकॉर्डिंगचा टोन स्पीकरचा कागद आणि माइक यांच्यातल्या वीतभर जागेत ठरतो. प्लगइनवाल्यांसाठी ती जागा म्हणजे कॅबिनेट (थोडक्यात कॅब, म्हणजे स्पीकरची पेटी) सिम्युलेशन किंवा आयआर, म्हणजे खऱ्या कॅबच्या आवाजाची टिपून ठेवलेली फाइल. अ‍ॅम्पचं मॉडेल बदलून जेवढा फरक पडतो त्याहून जास्त तिथे पडतो, आणि बहुतेक जण तिथे हातच लावत नाहीत.

कारण सांगते. गिटारचा बारा इंची स्पीकर हाय-फाय स्पीकरसारखा सगळं वाजवत नाही. साधारण ७५ हर्ट्झच्या खाली आणि ५,००० हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने पडतो. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजातून, निघणारी वरची खरखर तोच गाळतो. त्यामुळे डिस्टॉर्शन पेडल थेट इंटरफेसला (गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीला) लावलं, किंवा प्लगइनमध्ये अ‍ॅम्प चालू आणि कॅब बंद राहिली, तर ती खरखर न गाळता फाइलमध्ये उतरते. उलटा प्रकारही तितकाच दिसतो. बॉस कटानासारख्या अ‍ॅम्पच्या यूएसबीमधून येणाऱ्या आवाजात कॅबचा परिणाम आधीच मिसळलेला असतो. त्यावर प्लगइनची आणखी एक कॅब चढवली की गिटार रजईखाली वाजतेय असं वाटतं. कॅब एकदाच हवी, पण हवीच.

दुसरं म्हणजे, वरच्या फ्रिक्वेन्सी स्पीकरमधून अरुंद झोतात सरळ पुढे जातात. अ‍ॅम्प जमिनीवर असतो आणि आपले कान तीन-चार फूट वर, बाजूला. तो झोत आपल्या पायांवरून जातो. माइक मात्र नेमका त्या झोतात. म्हणून अ‍ॅम्पचे नॉब फिरवताना व्हॉल्यूम कमी करून कान स्पीकरच्या उंचीवर न्या आणि तिथून ऐका. उभ्याने गोड वाटणारा ट्रेबल तिथे टोचतो, आणि तो किती कमी करायचा ते लगेच कळतं.

तिसरं, ऐकण्याची पातळी. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचा भाग कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. रात्री हळू आवाजात बास-ट्रेबल चढवून बसवलेला टोन दुसऱ्या दिवशी मोठ्याने ऐकला की खाली घुमतो आणि वर बोचतो.

आणि गेन, म्हणजे आवाज किती फाटवायचा ते ठरवणारा नॉब. लाइव्ह वाजवताना जेवढा लागतो त्याहून कमीच ठेवा. डिस्टॉर्शन स्वतःच आवाज दाबून सपाट करतं आणि पिकचा ठोका त्यात बुडतो. एकावर एक दोन-तीन ट्रॅक रचल्यावर गेन आपोआप जास्त वाटतो. एकट्या ट्रॅकला थोडा रोडावलेला वाटेल इतका गेन ठेवला की रचलेल्या ट्रॅकमध्ये कॉर्डचे सूर वेगळे ऐकू येतात.

---

निशाचर

वाट पाहत होतो या धाग्याची! डोंबिवलीत वन बीएचके, पलीकडच्या खोलीत लहान बाळ, म्हणून सगळं काम रात्री हेडफोनवर. अ‍ॅम्प नाही. गिटार, इंटरफेस, लॅपटॉप एवढंच. कॅब चालू आहे, तपासलं. तरी आवाज मेलेला वाटतो, पिक मारल्याची धारच येत नाही. इंटरफेसवर गेनचा नॉब निम्म्याच्या वर आहे. पिकअप बदलू का?

---

कोमल_धैवत

@निशाचर, पिकअपला, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या भागाला, हात लावू नका अजून. इंटरफेसवर "इन्स्ट्रुमेंट" किंवा "हाय-झी" असं बटण असेल, नाहीतर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल. ते चालू आहे का? साध्या, म्हणजे बॅटरी नसलेल्या पिकअपला समोर साधारण १ मेगाओहम इम्पीडन्सचं (विद्युत रोधाचं) इनपुट लागतं. लाइन इनपुटचा इम्पीडन्स त्याच्या कितीतरी पट कमी असतो. त्यात गिटार लावली की पिकअपवर भार पडतो, आवाज खाली येतो आणि आधी वरची धार जाते. ती नंतर ईक्यूने (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) चढवायला गेलं की सोबत खरखर चढते.

केबलही बघा. केबलच्या दर मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो आणि तो पिकअपचा वरचा भाग खातो. घरच्या खुर्चीपासून टेबलापर्यंत तीन मीटर पुरतात. स्टेजची दहा मीटरची केबल घरी वापरायचं कारण नाही.

पातळीचं म्हणाल तर २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना सगळ्यात जोरात मारलेला स्ट्रोक उणे १२ डेसिबलच्या आसपास आला की पुरे. लाल दिव्याच्या जवळ जायची काहीच गरज नाही. काही प्लगइन ठरावीक इनपुट पातळी धरून बनवलेले असतात. पातळी जास्त असली तर क्लीन सेटिंगसुद्धा फाटतं. त्यांच्या माहितीपुस्तिकेत इनपुटबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.

---

गोदाकाठ

नाशिकहून. माझ्याकडे छोटा ट्यूब अ‍ॅम्प आहे आणि बंगला असल्याने दुपारी वाजवता येतं. माइक शुअर एसएम५७, १९६५ पासून बाजारात असलेला तोच. कोमलताईंच्या वीतभर जागेबद्दल सविस्तर लिहितो, कारण यात सांगण्यासारखं बरंच आहे.

आधी ग्रिलच्या कापडावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. आतला कोन आणि मधली गोल टोपी, डस्ट कॅप, दिसते. टोपीच्या कडेला कापडावर मास्किंग टेपचा तुकडा लावून ठेवा. माइक टोपीच्या मध्यावर धरला तर आवाज सगळ्यात उजळ आणि टोकदार. टोपी आणि कोन जिथे मिळतात तिथे समतोल. तिथून कोनाच्या बाहेरच्या कडेकडे सरकाल तसा गडद आणि गोल. यात एका बोटाच्या रुंदीचा फरक ट्रेबलच्या नॉबच्या दोन-तीन आकड्यांइतका ऐकू येतो.

अंतराचंही तसंच. कापडाला जवळजवळ टेकवला की प्रॉक्सिमिटी इफेक्टने खालचा भाग फुगतो. चार बोटं मागे घेतला की खर्ज आवरतो आणि थोडी खोली ऐकू यायला लागते. माइक सरळ न ठेवता तिरका केला की वरची धार मऊ होते. आधी जागा, मग अंतर, मग कोन, असा क्रम मी धरतो. तिन्ही एकदम बदललं की कशाने काय झालं ते कळत नाही.

एकट्याने करायचं असेल तर एक युक्ती. अ‍ॅम्पचा गेन वाढवून नुसती हिस्स येऊ द्या, गिटार बंद. कान झाकणारे हेडफोन घालून माइक हळूहळू स्पीकरवरून फिरवा. हिस्सचा रंग बदलत जातो. कुठे ती अगदी तीक्ष्ण होते, कुठे घोगरी, आणि मधे एका जागी ती भरीव आणि सपाट ऐकू येते. माइक तिथे थांबवा आणि मग वाजवून बघा. माझं सगळं रेकॉर्डिंग याच युक्तीवर चालतं.

दोन माइक लावणाऱ्यांनी फेज, म्हणजे दोन्हींतल्या लहरींचा मेळ, सांभाळा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दोन माइकच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक पडला की १,००० हर्ट्झ एकमेकांना मारतात आणि गिटार पोकळ होते. दोन्ही कॅप्सूल कापडापासून सारख्या अंतरावर ठेवा. मग एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून ऐका. उलटवल्यावर आवाज अगदी बारीक झाला, म्हणजे सरळ असताना ते नीट जुळले होते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनचं नाव ज्या पद्धतीला पडलंय तीही हीच: दोन एसएम५७ अगदी शेजारी, एक सरळ, एक तिरका.

---

ऱ्हाईनवारी

जर्मनीत फ्लॅटमध्ये राहतो. इथे रविवारी ड्रिल मशीनसुद्धा चालवता येत नाही, अ‍ॅम्पचं तर सोडाच. गोदाकाठ यांच्यासारखा ट्यूब अ‍ॅम्प माझ्याकडे आहे, पण तो लोड बॉक्समध्ये (स्पीकरऐवजी जोडायच्या, आवाज न करणाऱ्या पेटीत) जातो आणि तिथून आयआर.

पहिली गोष्ट सुरक्षेची, मोठ्याने सांगतो: ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर किंवा लोड न जोडता चालू करू नका. "स्पीकरची वायर काढली आणि लाइन आउट घेतला" असं करून आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. हेडफोनचा जॅक आत लोड असलेल्या अ‍ॅम्पलाच असतो, प्रत्येकाला नाही.

आता आयआर. ती स्पीकर, माइक आणि माइकची जागा या सगळ्यांचं मिळून एक क्षणचित्र असते. म्हणजे गोदाकाठ जे टेप लावून शोधतात ते कोणीतरी आधीच शोधून गोठवून दिलंय. ४८ किलोहर्ट्झला २,०४८ सॅम्पलची फाइल म्हणजे जेमतेम ४३ मिलिसेकंद. कॅबसाठी तेवढं पुरतं. स्पीकर जोरात वाजताना स्वतः जो थोडा फाटतो तो मात्र त्यात येत नाही. अ‍ॅम्पचं फाटणं पकडायला वेगळी गोष्ट लागते. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे मुक्त-स्रोत प्लगइन फुकट आहे आणि त्यासाठी लोकांनी पकडलेले, म्हणजे खऱ्यावरून नक्कल केलेले, अ‍ॅम्पही फुकट मिळतात. त्यात कॅबशिवाय पकडलेला अ‍ॅम्प घेतलात तर पुढे आयआर लावायलाच हवी.

निशाचर, शेकडो आयआरचा गठ्ठा उतरवून एकेक ऐकत बसू नका. पाच-सहा फाइलींनंतर कान थकतात आणि सगळ्यात उजळ असलेली आवडायला लागते. सगळ्यांची पातळी सारखी करा, ड्रम्स आणि बास चालू ठेवून तीन-चार ऐका, एक निवडा आणि एक अख्खं गाणं तिच्यावरच करा.

---

गोदाकाठ

आयआर चांगल्या असतात, मान्य. पण समोर हवा हलत नसेल तर वाजवणाऱ्याचा हातच वेगळा चालतो. स्पीकर जोरात असला की तारा त्या आवाजाने परत थरथरतात, सूर लांबतो, फीडबॅक फुलतो. हेडफोनवर ते येत नाही. टोन बोटात असतो म्हणतात, आणि बोटांना समोरून काहीतरी परत मिळावं लागतं.

---

कोमल_धैवत

लांबणाऱ्या सुरांबद्दल पूर्ण सहमत. सोलोसाठी मी प्लगइन वापरतानाही मॉनिटर स्पीकर थोडे मोठे ठेवून त्यांच्याजवळ बसून वाजवायला सांगते. तेवढ्यानेही तार जिवंत होते.

पण अ‍ॅम्प आणि माइक नसेल तर खरी रेकॉर्डिंग होतच नाही, असं काही जण म्हणतात ते मला पटत नाही. बीटल्सच्या १९६८ च्या "रेव्होल्यूशन"मधली ती फाटलेली गिटार अ‍ॅम्पमधून आलेलीच नाही. ती थेट कन्सोलच्या (स्टुडिओतल्या मिक्सरच्या) प्रीअ‍ॅम्पमध्ये घालून ते ओव्हरलोड केले होते. डेफ लेपर्डच्या १९८७ च्या "हिस्टेरिया" अल्बमवरच्या गिटारींमध्ये रॉकमन नावाच्या, कमरेला लावायच्या हेडफोन अ‍ॅम्पचा मोठा वाटा आहे. दोन्ही आवाज "खऱ्या" अ‍ॅम्पसारखे नाहीत. ते त्या गाण्यांना हवे तसे आहेत.

---

मिरजेची_तार

एक वेगळा मुद्दा मांडतो. आमच्याकडे तंबोरे बनतात आणि जवारी काढताना (तारेचा गुंजारव जुळवायला घोडी घासताना) ऐकतच मोठा झालो, म्हणून हे कानाला फार खटकतं. अनेकांच्या ट्रॅकमध्ये टोन वाईट नसतो, गंधार वाईट असतो.

तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार षड्जापासून साधारण ३८६ सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). गिटारच्या पडद्यांवरचा ४०० सेंटवर, म्हणजे १४ सेंट चढा. क्लीन आवाजात हे खपून जातं, हार्मोनियमवरही आपण ते ऐकतोच. पण डिस्टॉर्शन सुरांची आपसात बेरीज-वजाबाकी करून नवे सूर तयार करतं, आणि चढ्या गंधारामुळे ते नवे सूर जुळत नाहीत, कॉर्ड घरघरते. षड्ज-पंचमात फरक फक्त २ सेंटचा आहे, म्हणून त्या दोनच सुरांची पॉवर कॉर्ड कितीही गेनवर स्वच्छ राहते. मेजर कॉर्ड मोठ्या गेनवर चिखल होते ती याच कारणाने, आणि लोक ईक्यूमध्ये त्याचं औषध शोधत बसतात.

उपाय रेकॉर्डिंगमध्येच आहे, कारण इथे एकेक तुकडा वेगळा घेता येतो. उघडा ई मेजर लांब धरायचा असेल तर गंधार तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर येतो. तेवढ्या तुकड्यापुरती ती तार थोडी उतरवा, कॉर्ड स्थिर होईपर्यंत. पुढे ए मेजर आला की तीच तार षड्ज देते आणि बेसूर लागते. तेव्हा थांबा, पुन्हा लावा, पुढचा तुकडा घ्या.

---

कोमल_धैवत

@मिरजेची_तार, दंडवत! हे इतक्या नेमकेपणाने कोणी सांगितलं नव्हतं. वर उल्लेख केलेल्या "हिस्टेरिया"वर काही कॉर्ड एकेक तार वेगळी वाजवून रेकॉर्ड केले होते, त्याचा फायदा नेमका हाच. प्रत्येक तार वेगळी डिस्टॉर्ट होते, सूर एकमेकांत घुसत नाहीत. घरी करून बघण्यासारखं आहे: दोन ट्रॅकवर षड्ज-पंचम, तिसऱ्यावर फक्त गंधार, कमी गेनने.

---

मालवणी_मेलडी

सुरांवरून आठवलं. आमच्याकडे पावसाळ्यात तारा आठवड्यात काळ्या पडतात. गंजलेल्या तारेचा सूर वर चढताना सरळ राहत नाही, आणि धार तर जातेच. कोकणात राहणाऱ्यांनी कोटिंगवाल्या तारा घ्या, महाग वाटल्या तरी टिकतात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार खालून-वरून पुसा, केसमध्ये सिलिका जेलची पाकिटं टाका. हवा दमट-कोरडी होते तशी गिटारची मानही वाकते, म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि थंडीत ट्रस रॉड (मानेतली सळई) आणि इंटोनेशन (वरच्या पडद्यांवरचा सूर) तपासून घ्या. नव्या तारा लावून, ताणून, मग रेकॉर्ड केलं की अर्धी ईक्यू लागतच नाही.

माझी अडचण वेगळी आहे. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार, आणि घूं असा आवाज सतत. लाइट गेली की आम्ही इन्व्हर्टरवर, तेव्हा तर ऐकवतच नाही.

---

गोदाकाठ

@मालवणी_मेलडी, इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर रेकॉर्डिंग नको. त्याच्या चौकोनी लहरीत ५० हर्ट्झबरोबर वरचे हार्मोनिक भरपूर असतात आणि सिंगल कॉइल ते सगळे उचलते. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवर, आणि इन्व्हर्टरपासून लांब बसा.

लाइट असताना एकेक बंद करून बघा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा सगळ्यात मोठा गुन्हेगार, तो पंखा पूर्ण बंद करा. मग एलईडीचा डिमर. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, दोन पिनचा असेल तर हमखास फरक पडतो. तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर गिटारच्या आतलं शिल्डिंग कमी आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर आतली अर्थची वायर सुटलेली असण्याची शक्यता मोठी, कारागिराला दाखवा.

अ‍ॅम्प वापरत असाल तर घूं घालवण्यासाठी थ्री-पिनचा अर्थ कधीही तोडू नका. जीव जाऊ शकतो. बोर्डाच्या अर्थमध्येच खोट असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, गिटार नंतर.

आणि बसल्या बसल्या खुर्ची फिरवा. सिंगल कॉइलची घूं दिशेवर अवलंबून असते, एका कोनात ती जवळजवळ नाहीशी होते. जमिनीवर टेपने खूण करून तिथेच वाजवा. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) शेवटी, आणि हलका. सुरांच्या शेपट्या कापल्या जाता कामा नयेत.

---

निशाचर

अपडेट देतो. कोमलताई, बटण लाइनवरच होतं. इन्स्ट्रुमेंट केल्यावर गिटार जागी झाली, पिकअप वाचले. ऱ्हाईनवारी यांच्या सांगण्याप्रमाणे एक आयआर पकडून बसलोय. आता दोन प्रश्न. एक, रुंद आवाजासाठी एकच ट्रॅक कॉपी करून उजव्या बाजूला १० मिलिसेकंद उशिरा लावला, हेडफोनवर मस्त वाटतं पण बायकोच्या फोनवर पोकळ. दोन, एकटी गिटार ऐकताना टोन भारी, बास आणि ड्रम्स आले की गायब.

---

कोमल_धैवत

एकचं उत्तर: फोनचा स्पीकर दोन्ही बाजू एकत्र करतो. १० मिलिसेकंद उशीर असलेल्या दोन सारख्या ट्रॅकची बेरीज झाली की ५०, १५०, २५०, ३५० हर्ट्झ असे ओळीने खड्डे पडतात, आणि गिटारचं अंग तिथेच असतं. कॉपी काढून टाका. तोच भाग पुन्हा वाजवा, दोन खऱ्या टेक, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. दोन्हींत हाताचा जो किंचित फरक असतो त्यानेच रुंदी येते. दुसऱ्या टेकला पिकअप किंवा आयआर बदलली तर आणखी छान. मात्र ताल घट्ट हवा. पहिल्या टेकचे ठोके पाठ होईपर्यंत वाजवा.

दोनचं: एकट्याने ऐकून टोन ठरवूच नका. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झवर आहे, आणि ८० ते १०० पर्यंतची जागा बास आणि किकची. तिथे हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर) लावा, एकटी गिटार बारीक वाटली तरी. वर ८ ते १० किलोहर्ट्झला लो-पास (वरचं कापणारा). मधला भाग, ५०० ते २,००० हर्ट्झ, कापू नका. खोलीत एकट्याने वाजवताना मिड काढून टाकलेला आवाज भव्य वाटतो, पण गाण्यात गिटार ऐकू येते ती त्या मिडमुळेच. तुमच्या प्लगइनमधल्या अ‍ॅम्पवर मिडचा नॉब कुठे आहे?

---

निशाचर

मिड दोनवर.

---

कोमल_धैवत

सहावर न्या, गेन तेवढाच कमी करा, आणि बास वाजत असताना ऐका.

तरी गर्दी वाटली तर प्लगइन बंद करून कोरडी डीआय फाइल (गिटारचा थेट, काहीही न लावलेला आवाज) टाका, दोन्ही टेक वेगवेगळ्या, २४ बिट वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ. सोबत टेम्पो आणि बास-ड्रम्सचा एक ट्रॅक. गोदाकाठ, तुमच्याकडे रीअ‍ॅम्प बॉक्स (रेकॉर्ड केलेली डीआय पुन्हा खऱ्या अ‍ॅम्पमध्ये घालणारी पेटी) आहे ना? तुम्ही तीच डीआय अ‍ॅम्प आणि एसएम५७ मधून काढा, ऱ्हाईनवारी लोड बॉक्स आणि आयआरमधून, मी प्लगइनमधून. तिन्हींची पातळी सारखी करून इथेच लावू, नावं न सांगता.

---

गोदाकाठ

आहे. रविवारी दुपारी करतो. निशाचर, फाइलच्या सुरुवातीला दोन सेकंद शांतता राहू द्या, घूं किती आहे ते बघून घेतो.